त्या रात्री ती कुठे होती?

अधिकारी : तुझ्या कादंबरीची गोष्ट कळली. नाशिकमध्ये खून होतो, तपास एका इन्स्पेक्टर बाईकडे येतो, आणि नेमकं त्याच दिवसांत तिचं दुसऱ्या एका बाईशी नवं प्रेम जुळत असतं. माझी पहिली हरकत प्रेमाला आहे; ते कोणाचं कोणावर आहे, याला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू भलत्याच हरकतीची उत्तरं देत बसणार नाहीस. मी बाबूराव अर्नाळकरांवर वाढले. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. त्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि ज्या पोरींना पोलीस चौकीची पायरीही कोणी चढू दिली नसती, त्यांना तपासाची गोडी लावली. त्या कथांमधून मला एकच हवं असायचं, हे केलं कोणी? तपास करणारा मध्येच कोणाच्या आठवणीने कासावीस व्हायला लागला की मी पानं उलटायचे. ही माझ्या एकटीची खोड नाही. अमेरिकेत व्हॅन डाइनने 1928 साली रहस्यकथेचे वीस नियम लिहिले, त्यात तिसऱ्याच नियमात प्रेमप्रकरणाला बंदी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डोरोथी सेयर्सनेही रहस्यकथेत ओढूनताणून आणलेल्या प्रेमावर टीका केली. आणि पुस्तकं राहू दे, नोकरीतलं सांगते. खुनाचा तपास हातात आला की पहिले काही दिवस घर नसतं. इन्क्वेस्ट, घटनास्थळाचा पंचनामा, पंच मिळवणं, नातेवाइकांचे जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, वरून साहेबांचे फोन, दारात पत्रकार. आरोपी अटक झाला की नव्वद दिवस डोक्यावर बसतात. तेवढ्यात चार्जशीट गेलं नाही तर तो हक्काने जामिनावर बाहेर. त्यात गणपतीचा बंदोबस्त, नवरात्रात कालिकेच्या यात्रेचा बंदोबस्त, आता सिंहस्थाचा. साप्ताहिक सुट्टी कागदावर. अशा बाईला प्रेमात पडायला वेळ कुठून आणणार तू?

लेखिका : मॅडम, सेयर्सबाईंनी ते मत पुढे स्वतःच मोडीत काढलं. 1935 साली त्यांनी ‘गॉडी नाइट’ लिहिली. ऑक्सफर्डमधलं बायकांचं कॉलेज, कोणीतरी निनावी घाणेरडी पत्रं पाठवतंय, आणि त्याचा माग काढणारी हॅरिएट त्याच वेळी स्वतःला विचारतेय की लग्न केलं तर माझी बुद्धी, माझं काम माझं राहील का. तिथे तपास आणि प्रेम एकमेकांचा वेळ खात नाहीत. दोन्हीकडे एकाच गोष्टीचा कस लागतो, ही बाई स्वतःशी खरं बोलते का. पण मला तुमच्या हरकतीला याहून जवळचं उत्तर द्यायचंय. आपल्या रहस्यकथांमधला इन्स्पेक्टर काही बिनघरचा नव्हता. घर होतं, बायको होती, रात्री दोनला आला तरी ताट झाकून ठेवलेलं असायचं. त्याच्या प्रेमाला पानं लागली नाहीत, कारण त्याची सगळी सोय समाजाने आधीच लावून दिली होती. माझ्या नायिकेची सोय कोणीच लावलेली नाही. रात्री दोनला ती कोणाच्या दारात जाते, कोणता जिना चढते, गाडी किती अलीकडे उभी करते, समोरच्या काकू दार उघडून बघतात तेव्हा काय सांगते, हे सगळं तिला रोज नव्याने ठरवावं लागतं. म्हणून तिच्या प्रेमाला पानं लागतात. आणि वेळेचं म्हणाल, तर वेळ नसणं हीच माझ्या गोष्टीतली ओढ आहे. नवं प्रेम सावकाशीने वाढायला बघतं, तपास सावकाशी देत नाही. दोन महिन्यांत हळूहळू कळलं असतं ते एकीला दुसरीबद्दल चार दिवसांत कळतं, आणि तेही वाईट वेळी.

अधिकारी : ठीक. पण हे सगळं तू इंग्रजीतूनच आणते आहेस ना? अशा नायिका तिकडे झाल्या असतील.

लेखिका : झाल्या. 1984 साली कॅथरीन फॉरेस्टने केट डेलाफिल्ड उभी केली. लॉस एंजेलिस पोलिसांत खुनाचा तपास करणारी, खात्यात कोणाला काही न सांगणारी. पहिल्याच कादंबरीत ती साक्षीदार बाईकडे ओढली जाते. 1987 साली स्कॉटलंडच्या व्हॅल मॅकडर्मिडची लिंडसे गॉर्डन आली. ती पत्रकार, मुलींच्या शाळेत खून होतो आणि तिथेच तिला तिचं माणूस भेटतं. या दोघी मी वाचल्यात, हे खरं. पण मला लिहावंसं वाटलं ते मराठीतल्या एका नाटकामुळे. तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आली. रोहिणी हट्टंगडींची सुमित्रा, म्हणजेच मित्रा. बाईवर प्रेम करणारी बाई आपल्याकडे इतक्या थेटपणे तोवर कोणी उभी केली नव्हती. पण ती गोष्ट सांगतो बापू. तो तिच्यावर जीव टाकतो, तिला न्याहाळतो, समजून घेऊ पाहतो, आणि शेवटी मित्रा जीव देते. म्हणजे तपास तिच्यावर चाललेला असतो. ती कशी आहे, का आहे, तिचं काय होणार. मला ती खुर्ची फिरवायची आहे. तिने बघावं, तिने प्रश्न विचारावेत, शेवटपर्यंत जिवंत राहावं. आणि मराठी बाई तपास करते, हे काही मला कल्पनेतून काढावं लागत नाही. खासगी गुप्तहेर रजनी पंडितांनी एका खुनाच्या छड्यासाठी संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून सहा महिने काढले. बाहेर निरोप द्यायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या पायावर सुरी मारून घेतली आणि मलमपट्टीच्या निमित्ताने घराबाहेर पडल्या. एक आयुष्य जगत असताना दुसरं झाकून ठेवणं हे तपासाचंच कसब आहे. माझ्या नायिकेला ते नोकरीत शिकावं लागलेलं नाही, ते ती घरून घेऊन आलेली आहे.

अधिकारी : हे शेवटचं पटलं. पण नाशिकच का? मुंबईत ठेव तिला. तिथे कोणी कोणाच्या जिन्याकडे बघत नाही.

लेखिका : म्हणूनच मुंबई नको. नाशिकमध्ये कॉलेज रोडला कॉफी प्यायला बसलं तरी मागच्या टेबलावर मामेबहिणीची नणंद निघते. त्र्यंबक रोडच्या अकादमीत राज्यभरातल्या उपनिरीक्षकांचं प्रशिक्षण होतं, त्यामुळे खात्यातलं जग इथे आणखी लहान. कोण कोणाच्या बॅचचं, हे सगळ्यांना पाठ. आणि एक कारण मनातलं आहे. या गावातला सगळ्यात गाजलेला खून नाट्यगृहात झाला. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शाळेत आपण ते शिकतो. त्या रात्री तिथे नाटक कोणतं होतं? देवलांचं ‘शारदा’. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न ठरवतात, तिला कोणी विचारत नाही, त्याचं नाटक. एकाच छपराखाली दोन प्रश्न होते. एकाचे पंचनामे झाले, खटला चालला, फाशी झाली. दुसरा पडदा पडल्यावर घरी गेला. बाईने कोणाबरोबर राहायचं हे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हाही त्या खुनाच्या शेजारी बसलेला होता. मला दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीत, एकमेकांसमोर बसवायचे आहेत.

अधिकारी : तू मोठं बोलतेस. मी लहान बोलते, माझ्या अनुभवातलं. 1987 च्या डिसेंबरात मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं. बातमी फुटली, पेपरांत फोटो आले, आणि दोन-तीन महिन्यांत दोघींची नोकरी गेली. मी खात्यात आले त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या बराकीत त्यावर एकच वाक्य फिरायचं, गप्प राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आणि गप्प राहिलेल्या मी पाहिल्यात. एका ठिकाणी माझ्याबरोबर दोघी होत्या, एकाच क्वार्टरमध्ये राहायच्या. एकीला टायफॉइड झाला तेव्हा दुसरीने रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, बहीण आजारी. साहेबांना तिच्या घरचं सगळं माहीत होतं, तिला बहीण नाही हेही माहीत होतं. त्यांनी अर्ज वाचला, पेन उचललं, सही केली, आणि म्हणाले, डबा वगैरे लागला तर आमच्या घरून पाठवतो. कोणी एक शब्द बोललं नाही. त्या दोघींना आसरा होता तो या न बोलण्याचा. आता तुझी कादंबरी येणार, लोक वाचणार, चर्चा करणार. पुढच्या वेळी तसा अर्ज टेबलावर आला की साहेब पेन उचलायच्या आधी दोनदा विचार करेल. ज्यांच्या बाजूने तू लिहिणार, त्यांचंच छप्पर तू काढून घेशील. ‘फायर’ चित्रपटाच्या वेळी 1998 मध्ये मुंबईत थिएटरं फोडली, ते विसरलीस? कोणाच्या घरावर काही बेतलं तर कादंबरी तिथे उभी राहायला जाते का?

लेखिका : त्या दोघींचं पुढे काय झालं?

अधिकारी : बदल्या. एक विदर्भात, एक कोकणात.

लेखिका : नवरा-बायको असते तर?

अधिकारी : तर पती-पत्नी एकत्रीकरणाखाली अर्ज करता आला असता. मिळालं असतंच असं नाही, पण अर्ज करता आला असता.

लेखिका : मग तो आसरा साहेबाच्या स्वभावावर होता, मॅडम. चांगला साहेब होता तोवर. मी त्या सहीला कमी लेखत नाही. त्या दिवशी त्यांच्यासाठी तीच सगळ्यात मोठी गोष्ट असेल. पण साहेबाची बदली झाली की मायेचीही बदली होते, आणि पुढचा साहेब तोच अर्ज हातात धरून विचारू शकतो, कोणती बहीण? कायदा त्यांच्या बाजूने किती हललाय ते तुम्हाला माहीत आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून परस्परसंमतीचे संबंध काढले. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे आता त्या गुन्हेगार नाहीत, पण कुटुंबही नाहीत. सेवापुस्तकात एकीच्या पानावर दुसरीला जागा नाही. आणि पोलिसांचा यात आणखी एक हात आहे, ज्याबद्दल तुम्ही बोलला नाहीत. दोन मुली घर सोडून एकत्र राहायला गेल्या की आईवडील मिसिंगची तक्रार देतात आणि पोलीस त्यांना शोधून आणतात. 2021 साली मद्रास उच्च न्यायालयापुढे मदुराईच्या दोन मुली याच कारणाने आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल द्यायच्या आधी स्वतः मानसतज्ज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला, कारण आपल्याला तो पुरेसा कळत नाही हे त्यांनी उघड मान्य केलं. त्या निकालानंतर तामिळनाडूने पोलिसांच्या वर्तणूक नियमांत दुरुस्ती करून अशा माणसांना त्रास द्यायला मनाई केली. न बोलण्याने हे झालं नसतं. माझी नायिका त्याच खात्याची वर्दी घालते. उद्या तिच्याच टेबलावर अशी मिसिंगची तक्रार आली तर तिने काय करायचं, हे मला कादंबरीत विचारता येतं. बराकीतल्या त्या वाक्याला ते विचारता येत नाही.

अधिकारी : बरं. तत्त्व बाजूला ठेवू. तुझा तपास कसा चालतो ते सांग. गोष्ट तिथे टिकली तर टिकली. खून कोणाचा?

लेखिका : अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एक मुलगा. भर पावसाळा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलेला, गोदावरी घाटाच्या पायऱ्या गिळून वर आलेली, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी. पहाटे प्रेत पुलाच्या खालच्या अंगाला अडकलेलं सापडतं. डोक्यामागे घाव.

अधिकारी : म्हणजे घटनास्थळच नाही तुझ्याकडे. पाण्याने रक्त, पायांचे ठसे, हत्यार, सगळं नेलं. मयत वरच्या कोणत्या घाटावर पडला ते कोणी सांगू शकत नाही. मग तुझी बाई काय करेल सांगते. शवविच्छेदनातून मृत्यूची वेळ धरेल, साधारण मध्यरात्र ते तीन, आणि पंचवटीतल्या नदीकाठच्या सगळ्या टॉवरांचा डंप मागवेल. डंप म्हणजे काय ते नीट समजून घे, नाहीतर सिनेमासारखं लिहिशील. त्या वेळेत त्या टॉवरखाली ज्याने फोन केला, ज्याला आला, तो प्रत्येक नंबर. हजारो ओळींची एक्सेल शीट. ए पार्टी, बी पार्टी, वेळ, सेकंद, सेल आयडी, आयएमईआय. आधी मयताशी कधी बोललेले नंबर जुळवून बघायचे, मग जास्त टॉवरांवर दिसणारे, मग रात्री उशिरा हललेले. त्यानंतर एखादा हुशार कॉन्स्टेबल खुर्ची ओढून बसतो आणि एकेक नंबर खोडत जातो. हा घाटावरचा चहावाला, हा रिक्षावाला, हा बाहेरगावचा भाविक, धर्मशाळेत उतरलेला. खोडता खोडता तो एका ओळीवर थांबतो. पुन्हा बघतो. मग उठून केबिनच्या दाराशी येतो आणि म्हणतो, मॅडम, रात्री एक चाळीसला हा तर तुमचाच नंबर दिसतोय.

लेखिका : हेच! मला हे असंच दिसत होतं, फक्त शीट दिसत नव्हती. तिला घटनेची खबर पहाटे साडेपाचला मिळालेली आहे, ठाण्याच्या नोंदीत तसं आहे. नाइट राउंड त्या रात्री दुसऱ्याकडे होता. मग ती एक चाळीसला पंचवटीत काय करत होती?

अधिकारी : तिची ती बाई तिथे राहते.

लेखिका : हो. शाळेत शिकवते, घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली आहे. आता बघा मॅडम, हीच जागा पुरुष इन्स्पेक्टरला द्या. तो म्हणेल, अरे, होणारी बायको राहते तिथे. कॉन्स्टेबल हसेल, ओळ खोडेल, चहा येईल. माझ्या नायिकेला तेच वाक्य बोलता येत नाही. गुन्हा तिने केलेला नाही, नोकरीत कसूर केलेली नाही, आणि तरी एक्सेल शीटमधल्या त्या ओळीपुढे ती संशयितासारखी बसलेली आहे. त्या रात्री तुम्ही कुठे होता, हा प्रश्न आयुष्यभर इतरांना विचारलेली बाई.

अधिकारी : इथवर तुझी गोष्ट सोपी आहे. तिथे राहते एवढंच असेल तर तिने धीर करून वरिष्ठांना एका वाक्यात सांगावं आणि कामाला लागावं. काही खोडसाळ हसतील, महिनाभर कुजबुज होईल. पण तू आणखी काहीतरी लपवते आहेस. त्या बाईने काही पाहिलंय.

लेखिका : पाहिलंय. दोनच्या सुमाराला नायिका निघून गेल्यावर ती गॅलरीत आली होती. वरच्या घाटाकडून येणारा माणूस तिने दिव्याखाली पाहिला. चेहऱ्यासकट. त्याच्याविरुद्ध दुसरा प्रत्यक्ष पुरावा नाही.

अधिकारी : मग तपास तिच्याकडे राहूच शकत नाही. ही भावनेची गोष्ट नाही, साधी रीत आहे. जिच्या घरी तू त्या रात्री होतीस, तिचाच जबाब तू घेणार? तो जबाब कोर्टात किती टिकेल? आरोपीचा वकील उभा राहील आणि एकच प्रश्न विचारेल, मॅडम, घटनेच्या रात्री आपण या साक्षीदाराच्या घरी होतात, हे खरं आहे का? हो म्हटलं तर साक्षीदार शिकवून आणलेली ठरते. नाही म्हटलं तर तो डंपची ती ओळ पुढे करतो. दोन्हीकडून आरोपी सुटतो. आणि मयत कोण? कंत्राटी कामगार. त्याच्या आईकडे वकील नाही, पुढारी नाही, पेपरवाले दुसऱ्या दिवशी विसरलेले आहेत. तिच्या बाजूने सगळ्या गावात एकच माणूस उभं आहे, ही इन्स्पेक्टर. आणि ती आपलं गुपित सांभाळण्यासाठी त्या आईचा न्याय पाण्यात घालवणार? मला तुझी नायिका इथे आवडेनाशी होते.

लेखिका : तिला स्वतःलाही आवडत नाही. नोकरीवर बेतलं तरी सांगून टाकायचं, इथवर ती मनाने पोचलेली आहे. पण सांगायचं म्हणजे एकटीचं सांगता येत नाही. तपास का सोडते, तर अमुक बाईशी माझे संबंध आहेत म्हणून. अमुक बाई शाळेत मुलींना शिकवते. तिच्या आईवडिलांना माहीत नाही. त्यांची ओळख होऊन दोन महिनेही झालेले नाहीत. एकमेकींना काय म्हणायचं हेसुद्धा अजून ठरलेलं नाही, आणि सरकारी कागदावर ते ठरवून लिहायची वेळ येते. गुन्ह्याची साक्षीदार म्हणून पुढे यायला ती तयार आहे. माणूस पाहिला, ओळखेन, कोर्टात सांगेन, असं ती पहिल्याच दिवशी म्हणालेली आहे. त्याबरोबर तिची सगळी खासगी जिंदगी चार्जशीटला जोडून जाणार असेल तर तिने काय करावं? आणि तिच्या वतीने ते ठरवायचा हक्क माझ्या नायिकेला कोणी दिला?

अधिकारी : चार्जशीटची वाट नीट बघू. केस डायरी आरोपीला मिळत नाही, ती कोर्टापुरती. पण साक्षीदाराचा जबाब चार्जशीटबरोबर जातो, त्याची नक्कल आरोपीला मिळते, आणि एकदा आरोपीच्या हातात गेली की ती गावात गेली. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 मध्ये, आणि आधीच्या जुन्या कायद्यातही, एक तरतूद आहे. जबाबाचा एखादा भाग खटल्याशी संबंधित नसेल, किंवा तो आरोपीला देणं न्यायासाठी गरजेचं नाही आणि सार्वजनिक हिताचंही नाही असं तपास अधिकाऱ्याला वाटलं, तर त्याने तो भाग दाखवून, कारण लिहून, तेवढा वगळावा अशी विनंती मॅजिस्ट्रेटला करायची. लोकांना वाटतं तितकं आमचं कायद्याचं पुस्तक आंधळं नाही.

लेखिका : मग तिने ते वापरावं! तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, नव्या अधिकाऱ्याने जबाब घ्यावा, आणि दोघींच्या नात्याचा भाग वगळायची विनंती करावी.

अधिकारी : आणि मॅजिस्ट्रेटने ती फेटाळावी, असं मी म्हणेन. ऐक. तिने घाटावर एक माणूस पाहिला, त्याच्याशी तिच्या प्रेमाचा काय संबंध? काही नाही. पण पहिले काही दिवस तपास कोणी केला, डंपमधून कोणते नंबर खोडायला सांगितले, संशय कोणावर न्यायचा हे कोणी ठरवलं, आणि त्या व्यक्तीचं मुख्य साक्षीदाराशी काय नातं होतं, हे कळण्याचा आरोपीला हक्क आहे. तो निर्दोष असेल तर? या हक्काची मला नोकरीत अनेकदा कटकट वाटली. पण तो काढून घेतला तर आम्ही कोणालाही अडकवू शकू, आणि सगळ्यात आधी तुझ्या त्या दोघींसारख्यांनाच अडकवू. तू वकिलाला खलनायक करशील अशी मला भीती आहे. करू नकोस. त्याचा प्रश्न रास्त आहे.

लेखिका : करणार नाही. पण मग रहस्यकथेचं काय होतं, तेही बघा. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका दिवाणखान्यात बसवायचं आणि खरं काय ते मोठ्याने सांगायचं. ते ऐकून वाचकाला मोकळं वाटतं, कारण उघडं पडणारा एकच असतो आणि तो खुनी असतो. माझ्या गोष्टीत त्याच खुलाशाने तिघं उघडी पडतात. एकाने माणूस मारलाय. दोघींनी काहीच केलेलं नाही. आणि शिक्षेचा क्रम कसा लागेल तेही मला दिसतं. खटला वर्षानुवर्षं चालेल, आरोपी दरम्यान जामिनावर सुटेलही. त्या दोघींचा निकाल मात्र पेपरात बातमी येईल त्याच सकाळी लागलेला असेल. शाळेच्या गेटवर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

अधिकारी : म्हणून तिने गाळावं? कोणत्या अधिकाऱ्याने काय गाळायचं हे मनावर सोडलं की काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. नाव गाळायचं, वेळ बदलायची, एक ओळ शीटमधून उडवायची. प्रत्येक जण आतून हेच सांगतो की मी कोणाचं तरी भलं करतोय. आज तुझी नायिका जिव्हाळ्यापोटी ती ओळ खोडेल. त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीवर उद्या दुसरा बसेल आणि पैशापोटी खोडेल. खोडलेल्या ओळीवर कारण लिहिलेलं नसतं. मागून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

लेखिका : ‘बहीण आजारी’ हेही सरकारी कागदावरचं खोटं होतं, मॅडम. त्याला तुम्ही आसरा म्हणालात.

अधिकारी : तो रजेचा अर्ज होता. इथे माणूस मेलाय.

लेखिका : तो फरक मी मान्य करते. पण मग रेघ अशी पडते : त्यांच्या खोटं बोलण्याकडे आपण मायेने काणाडोळा करू, जोवर दुसऱ्या कोणाचं त्यात काही जात नाही. ज्या दिवशी मोठं काही पणाला लागेल, त्या दिवशी खरं बोलायचं, आणि त्याची सगळी किंमत त्यांनीच मोजायची. खरं बोलल्यावर पुरुष इन्स्पेक्टरला तपास फक्त सोडावा लागतो. हिला तपास, वर्दीतला मान आणि ते दोन महिन्यांचं प्रेम, तिन्ही सोडावी लागतात. कर्तव्य एकच, आणि ते बजावण्याचा दर एकाला एक, दुसरीला दुसरा. हा दर कायद्याच्या कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नाही.

अधिकारी : नाही लिहिलेला. आणि माझ्याकडे त्याला उत्तरही नाही. तरी मी सांगते ते बदलत नाही, तिने वरिष्ठांना सांगितलंच पाहिजे, आणि डंपची शीट सीलबंद व्हायच्या आत. उशीर झाला की तेच खरं लपवाछपवी म्हणून वाचलं जाईल.

लेखिका : आधी ती पंचवटीत जाईल. तिला विचारेल.

अधिकारी : साक्षीदाराला? तपास चालू असताना, रात्री, एकटी? पुन्हा त्याच टॉवरखाली?

लेखिका : दुसरा मार्ग सांगा. तिला न विचारता तिचं आयुष्य कागदावर घालायचं, हे शारदेच्या बापाने केलं होतं.

अधिकारी : विचारून ती नाही म्हणाली तर?

लेखिका : तर तुमच्या मते काय करायचं?

अधिकारी : तरीही सांगायचं. त्या पोराच्या आईसाठी. आणि मग त्या बाईसमोर उभं राहून तेही सांगायचं, की मी सांगितलं. तुझ्या मते?

लेखिका : मी अजून दोन्ही लिहून बघते आहे. सांगते तेव्हा कादंबरी तिच्या प्रेमाची राहत नाही, आणि गप्प राहते तेव्हा त्या मुलाचा खून तिच्या हातून दुसऱ्यांदा होतो. प्रत्येक वेळी ज्या बाजूने लिहिते त्या बाजूचं मला पटतं.

अधिकारी : मग तो जबाब घ्यायचा प्रसंग नव्या अधिकाऱ्याच्या बाजूनेही लिहून बघ. समोर बसलेल्या मास्तरीणबाईंना त्याला पहिलाच प्रश्न विचारायचाय, त्या रात्री आपल्या घरी आणखी कोण होतं? तो हा प्रश्न टाळू शकत नाही. तो कसा विचारतो, आणि विचारताना त्याला उत्तर आधीच माहीत आहे की नाही, यावर तुझं बरंच ठरेल.